स्वारगेटजवळची खोली की राजगडाचा पायथा?

उमेदीची वर्षं डोंगरदऱ्यांत घालवून आता कुठेतरी टेकायचं आहे, आणि आपल्याला ठाऊक असलेलं नव्या पोरापोरींना द्यायचं आहे, अशी माणसं पुण्यात बरीच आहेत. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा हेच दोन पर्याय असतात: शुक्रवार-सदाशिव पेठेच्या टापूत भाड्याची खोली, नाहीतर गुंजवणे, पाली किंवा वेल्ह्याकडे एक घर.

मन अर्थातच पायथ्याकडे ओढतं. सकाळी दार उघडलं की समोर राजगड. नसरापूर, मार्गासनी, साखर करत दमूनभागून येणाऱ्या पोरांना चोर दरवाजाची वाट दाखवायची, भिजून उतरलेल्यांना चुलीपाशी बसवायचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे, त्यामुळे येणाऱ्यांची वाणही पडणार नाही.

पण गाव म्हणजे मोकळी जागा नव्हे. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात मुळात शेतकरी असावं लागतं. म्हणजे गावठाणातलं घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट शोधायचा, आणि सातबाऱ्यावर हिस्सेदार किती ते वकिलाकडून तपासून घ्यायचं. यापेक्षाही मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पायथ्याच्या कितीतरी घरांत ट्रेकरांच्या जेवणावर आणि मुक्कामावर चार पैसे येतात. आपण प्रेमापोटी फुकट पिठलं-भाकरी आणि अंथरूण देऊ लागलो, तर शेजारच्या मावशींचं गिऱ्हाईक तोडतो. तिथे राहायचंच असेल तर पोरांना जेवायला त्यांच्याकडे पाठवा आणि वाटाड्याचे पैसे गावातल्याच तरुणाला मिळू द्या. शिवाय वय वाढतं. पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री छातीत दुखलं, तर पुण्यातलं मोठं हॉस्पिटल पन्नासेक किलोमीटरवर असतं, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.

शहरातली खोली दिसायला रुक्ष. भाडं जास्त, डिपॉझिट वेगळं, अकरा महिन्यांचा करार (तो नोंदवून घ्याच, कायद्याने ते बंधनकारक आहे), आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप. तरीही माझं मत शहराच्या बाजूने आहे.

याचं कारण असं की डोंगरातल्या बऱ्याच चुका घरून निघण्याआधीच झालेल्या असतात. एप्रिलमध्ये राजगड ते तोरणा करायचं ठरतं आणि माणशी एक लिटर पाणी घेतलं जातं. राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरल्यावर तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतच्या धारेवर उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा नाही, हे गुंजवण्यात भेटून सांगितलं तरी तोवर सॅक भरलेली असते, परतीची गाडी ठरलेली असते, कुणी माघार घेत नाही. तेच शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर नकाशा पसरून बसलं की बेत बदलतो. पाणी वाढतं, नवखा भिडू तोरण्याऐवजी सिंहगडाला जातो, घरी कुणाला काय सांगून निघायचं ते ठरतं. उतरल्यावर हीच पोरं पुन्हा येतात आणि कुठे चुकलो ते मोकळेपणाने बोलतात. शिकवणं खरं तिथे होतं, आणि त्याला पुण्यातच वेळ मिळतो. पायथ्याला सगळे घाईत असतात.

स्वारगेट सोयीचं आहेच. वेल्ह्याची एसटी तिथूनच सुटते आणि सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही तिथवर आली आहे, म्हणजे पिंपरीची मुलगीसुद्धा रात्री वेळेत घरी पोचते.

गाव अगदीच सोडवत नसेल तर खरेदी करू नका. एक पावसाळा गुंजवण्यात भाड्याने राहून बघा आणि तेव्हाही पुण्यातली खोली हातची सोडू नका. खोली बघताना तळमजला किंवा पहिला मजला पाहा, गुडघ्यांचा विचार आत्ताच करा. सॅक आणि दोर ठेवायला एक कोरडी भिंत हवी. आणि करार करण्याआधीच मालकांना सांगा की शुक्रवारी रात्री दहापर्यंत पोरं येत-जात राहतील. जे नाही म्हणतील त्यांची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.