‘वाळवंटी रंगकाम तयार’ असे मॉडेल सैनिक मागवण्याआधी हे वाचा

आठवी ब्रिटिश सेना, उत्तर आफ्रिका, १९४२. ‘रंगवून, बेस (पायाखालची चकती) लावून तयार’ म्हणून २८ मिमी मापाचे २४ धातूचे मॉडेल सैनिक मागवले होते, पैसे सगळे आगाऊ. खोक्यातून पहिला सैनिक उचलताच बोटांना पिवळी पूड लागली. ओल्या ब्रशने ती पुसली, तर गुडघ्याखाली नुसता धातू! मोजे, बूट कशालाच रंग नाही. पिगमेंट पावडर (रंगाची कोरडी पूड) फासायची आणि त्याला ‘धुळीचा इफेक्ट’ म्हणायचे, एवढेच काम केले होते.

वाळवंटी सैनिकांत हे सहज खपून जाते. गणवेश, जमीन, धूळ सगळे एकाच रंगाच्या घरातले. बेज स्प्रे मारून वर तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) ओढला की फोटोत काम पूर्ण झालेले दिसते.

नख ओढल्यावर रंगाचा पापुद्रा सुटला. प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) नव्हताच. ९ सैनिक हाताला हलके लागले: धातू सांगून रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) नकला दिल्या होत्या. बटणे पुसट, हनुवटीखाली बुडबुड्यांची भोके. रेझिनवर साच्याचा तेलकट थर राहतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही तर प्रायमरसुद्धा धरत नाही.

बेसची लबाडी उशिरा कळली. समुद्राची वाळू न धुताच चिकटवलेली होती. दमट हवेत मीठ वर आले आणि कडेने पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली. वाळू पक्की धरणारा सीलचा थरही वर नाही, त्यामुळे सैनिक हलवला की वाळू झडते. शिवाय त्या भागातली जमीन बऱ्याच ठिकाणी टणक आणि खडेमिश्रित. सगळीकडे बारीक वाळू पसरणाऱ्याने तिथले फोटोही नीट पाहिलेले नसतात.

म्हणून ऑर्डर देताना तीन टप्प्यांचे फोटो मागा: प्रायमरनंतर, रंगानंतर पण पावडरीआधी, आणि शेवटी बेस खालून. प्रत्येकात तुम्ही सांगितलेला शब्द लिहिलेली चिठ्ठी शेजारी हवी. दुसऱ्याचे फोटो तिथेच उघडे पडतात. पैसेही टप्प्याटप्प्याने द्या. जर्मन रणगाडे असतील तर रंग कोणता ते विचारा. मार्च १९४१ च्या आदेशात आरएएल (जर्मन रंगक्रमांक पद्धत) ८००० आणि ७००८ होते, मार्च १९४२ मध्ये ८०२० आणि ७०२७ आले. ‘डेझर्ट यलो’ एवढेच उत्तर आले तर ऑर्डर देऊ नका.

असा माल गळ्यात पडलाच असेल तर बेस खरवडून काढा. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) असेल तर भिजवू नका, फुगतो. सरळ नवा लावा. वाळू गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुऊन, वाळवून, चाळून घ्या. पीव्हीए ग्लूवर (लाकूडकामाच्या पांढऱ्या डिंकावर) वाळू आणि मधेमधे २-३ मिमीचे खडे दाबा आणि २४ तास हात लावू नका. मग ग्लू व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि ते वरून सोडा. थेंब टाकला नाही तर पाणी वाळूवर गोळा होऊन बसते, आत मुरत नाही.