क्लायंट तोच, एजन्सी बदलू का?

मावसभाऊ नवी मुंबईत महापेच्या एका कंपनीत, म्हणजे क्लायंटकडे, कंत्राटावर आहे. पगार एजन्सी देते. दुसरी एजन्सी म्हणते, खुर्ची तीच ठेव, पैसे जास्त देतो. ठाण्याहून ऐरोलीमार्गे लोकलने जाताना रोज हाच विचार.

पैसा: नवीकडे वाढ दिसते, पण आकडा हातात येणारा की सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च), ते आधी विचारा. मालकाच्या वाट्याचा पीएफही सीटीसीत धरला, तर वाढीतला काही भाग कागदावरच राहतो. जुन्या एजन्सीकडे तोच आकडा सांगून मागून बघायला काय जातं?

खरी गुंतागुंत करारात आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला घातलेली बंदी सहसा टिकत नाही. नोटीस पिरियड मात्र सहसा पाळावा लागतो. शिवाय एजन्सी आणि क्लायंट यांच्यात माणसं न पळवण्याचा वेगळा करार असू शकतो. तुमची सही त्यावर नसते, फटका मात्र तुम्हालाच. म्हणून आधी क्लायंटच्या मॅनेजरकडून होकार लेखी घ्या, राजीनामा त्यानंतर.

पीएफची काळजी नको, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच राहतो, शिल्लक ट्रान्सफर होते. ग्रॅच्युइटीचं (एकाच मालकाकडे ठरावीक काळ काम केल्यावर मिळणाऱ्या रकमेचं) तसं नाही. क्लायंट तोच असला तरी मालक बदलतो, सेवा नव्याने मोजली जाते.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट तुम्हाला लागत असेल आणि साडेचार वर्षं झाली असतील, तर थांबा. वर्ष-दीड वर्षच झालं असेल आणि पगार दर महिन्याला उशिरा येत असेल, तर बदला. भावाचं दुसऱ्यातलं आहे.