जुन्या मोटरसायकलला रेडियल टायर की साधा?

आमच्या पार्किंगमध्ये दोन जुन्या गाड्या उभ्या असतात. एक बाबांची बुलेट, स्पोकची चाकं, ३.२५-१९ चे टायर. दुसरी माझी २०१० ची यामाहा एफझी, अलॉय चाकं, मागे १४०/६० आर १७. गेल्या मे महिन्यात दोन्हींचे मागचे टायर गोटा झाले आणि पाऊस यायच्या आत बदलायचे ठरले. बुलेटच्या बाबतीत निवडायला फारसं काही नव्हतंच. एफझीच्या बाबतीत होतं, आणि तिथे मी एकदा माती खाल्लेली आहे.

आधी एक घोळ मिटवू. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात बुलेटसाठी मला ‘रेडियल’ म्हणून जो टायर दाखवला, तो रेडियल नव्हताच. तो ट्यूबलेस होता. हे दोन शब्द बरेच जण एकाच अर्थाने वापरतात. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नाही, एवढंच. रेडियल म्हणजे टायरच्या आतले दोरे कसे घातलेत ते. साधा टायरही ट्यूबलेस असतो, रस्त्यावरच्या बहुतेक दीडशे सीसीच्या गाड्यांना तोच असतो. ओळखायची खूण टायरच्या कडेवरच असते. १४०/६०-१७ असं मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलं असेल तर साधा, म्हणजे बायस किंवा क्रॉसप्लाय. रेघेच्या जागी ‘आर’ हे अक्षर असेल तर रेडियल. दुकानदार काहीही म्हणो, वाकून ते अक्षर बघा.

साध्या टायरमध्ये नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारत जातात, बाजेच्या विणीसारखे. त्यामुळे वरची नक्षी आणि बाजूची भिंत हे सगळं एकच जाड, ताठ अंग असतं. रेडियलमध्ये दोरे या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली वरून पट्टे गुंडाळलेले असतात, कमरेला शेला आवळावा तसे. कंबर ताठ, बाजू मोकळी. बाजू दबली तरी नक्षी रस्त्यावर सपाट टेकून राहते. थर एकमेकांवर कमी घासतात, म्हणून टायर कमी तापतो आणि वेगात फुगतही नाही.

रेडियलचा मोठा फायदा म्हणजे बराच वेळ, बऱ्याच वेगात गाडी पळवणं. आता आपल्याकडे तसा रस्ता कुठला? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी. मी रोज कासारवडवलीहून महापेला जातो: माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. त्यात साठचा काटा सलग पाच मिनिटं टिकला तर तो रविवार असतो. त्यामुळे ‘रेडियल टाका, गाडी पळेल’ हा सल्ला ठाणेकराच्या फारसा कामाचा नाही.

तरी एफझीला मी रेडियलच टाकतो. चार वर्षांपूर्वी हजारभर रुपये वाचवायला त्याच मापाचा रेघेवाला टायर बसवला होता. बसला अगदी व्यवस्थित. पण उड्डाणपुलाचा प्रत्येक जोड कमरेला कळायला लागला. वळणावर गाडी आधी एका ठिकाणी अडल्यासारखी व्हायची आणि मग एकदम झुकायची. टायर वाईट नव्हता. गाडीची बसण्याची ढब ज्या मऊ बाजूच्या टायरवर बेतली होती, तो तिथे नव्हता, इतकंच. कंपनीने एफझीला पुढे साधा आणि मागे रेडियल दिलाय, आणि ही जोडी चालते. उलटी करू नये: पुढे रेडियल आणि मागे साधा टाकला की पुढचं टोक चटकन वळतं, मागचं मागे राहतं, गाडी डोलते. हौसेने एकच रेडियल घ्यायचा असेल तर तो मागेच.

रेडियलची दुसरी बाजूही मी बघितली आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत गायमुखच्या उतारावर पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. रिम चेपली आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. आतले दोरे तुटले होते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाल्याने नुसतं बघून मान हलवली. जाड भिंतीचा साधा टायर असता तर तो कदाचित वाचला असता. सामान लादून, दोघांना घेऊन खड्ड्यांतून हिंडणाऱ्या गाडीला साधा टायर जास्त सोसतो, हे मान्य करावंच लागेल.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी उगाच वाद घातला जातो. पेव्हर ब्लॉकवर आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तुम्हाला वाचवतं ते रबर किती मऊ, नक्षी किती खोल आणि हवा बरोबर आहे का, ते. आत दोरे कसेही असोत.

आता बुलेट. तिच्या रिमची रुंदी १.८५ इंच. १९ इंची स्पोकच्या चाकांना, त्या अरुंद मापात, रेडियल जवळपास मिळतच नाहीत; बहुतेक रेडियल १७ इंची रुंद रिमसाठी निघतात. मला दाखवलेला तो जाडा टायर रुबाबदार दिसत होता, पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या जातात, माथा वर येतो आणि गाडी त्या उंचवट्यावर चालते. वर चेनगार्डला घासतो ते वेगळंच. शिवाय स्पोकच्या भोकांतून हवा जाते, म्हणून ट्यूब हवीच. आरएक्स १०० आणि जुन्या स्प्लेंडरचं गणितही असंच आहे. तिथे मूळ मापाचा साधा टायर घ्या आणि विचार संपवा.

मी दुकानात रेडियल-साध्यापेक्षा जास्त वेळ घालवतो तो तारखेवर. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुन्या मापांचे टायर कमी खपतात, म्हणून माळ्यावर पडून राहतात. बुलेटसाठी पहिल्या दुकानात मिळाला तो पाच वर्षांचा होता. नक्षी कोरी, पण नखाने दाबलं तर रबर दगडासारखं, आणि खोबणीत बारीक चिरा. असा टायर फुकट दिला तरी नको. दुसऱ्या दुकानात चार महिन्यांचा मिळाला. सोबत नवी ट्यूब घेतली आणि रिमची पट्टीही बदलली, कारण जुनी पट्टी गंजलेल्या स्पोकनी कुरतडली होती.

एफझीला रेडियल बसवून घेतला, टायर कुठल्या दिशेने फिरायला हवा ते दाखवणारा कडेवरचा बाण दोनदा तपासला. नव्या टायरवर तेलकट थर असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून. आणि नेमका तिसऱ्या दिवशी पाऊस आला, विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं, तेव्हा मी रिक्षावाल्यांच्या शिव्या खात वीसच्या वेगाने निघालो होतो.