सीए-१२५ की व्हिनेगरची तपासणी?

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात हल्ली सीए-१२५ ही रक्तचाचणी सर्रास दिसते. अंडाशयाच्या कर्करोगात याच नावाचे प्रथिन रक्तात वाढते, हे खरे. पण ते एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), पोटाचा क्षयरोग, अगदी पाळीच्या दिवसांतही वाढते. उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत नॉर्मलच येते. म्हणजे निरोगी बाई धास्तावते आणि आजारी बाई निर्धास्त राहते, याचेच मला वाईट वाटते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांत या चाचणीचा अभ्यास झाला. २०२१च्या निष्कर्षांत मृत्यू घटलेले दिसले नाहीत. उपचारांचा परिणाम पाहायला मात्र हीच चाचणी फार कामाची.

गर्भाशयमुखाची तपासणी किती साधी! पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावायचे, मिनिटभर थांबायचे, पांढरा डाग उमटतो का बघायचे. कर्करोग होण्याआधीचे बदलही त्यात सापडतात. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दर दोन वर्षांनी तपासणाऱ्या होत्या प्रशिक्षित आरोग्यसेविका, डॉक्टर नव्हे. तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आजार दोन वेगळे, मान्य. तरी तिशी ओलांडलेल्या बहिणीला मी आधी व्हिनेगरचीच तपासणी करायला सांगेन. घरात अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर पॅकेज न घेता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.