टॅली, झोहो बुक्स की व्यापार? पैसे द्यायच्या आधी दोन नोंदी करून बघा

बिलाचा साचा किती देखणा आहे यावरून टॅली, झोहो बुक्स किंवा व्यापार यांपैकी कुठलंही हिशोबाचं सॉफ्टवेअर घेऊ नका. वाळूजच्या कंपन्यांना ड्रॉइंग किंवा डिझाइनची सेवा देणाऱ्या नव्या माणसाचं घोडं अडतं ते पैसे जमा झाल्यावर. म्हणून पहिली नोंद ही: समजा बिल 60,000 चं, 18 टक्के जीएसटी 10,800, एकूण 70,800. कंपनी व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस (तुमच्या नावे आधीच भरायचा आयकर) कापते, तोही मूळ 60,000 वर. खात्यात येतात 64,800. उरलेले 6,000 येणे बाकी दिसत राहिले, किंवा कुणी ते सूट म्हणून खर्ची टाकले, की वर्षअखेरीला 26एएसशी, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्याशी, मेळ बसत नाही.

इथे झोहो बुक्स सरस आहे. जमा नोंदवतानाच टीडीएसचा पर्याय समोर येतो आणि बिल पूर्ण मिटतं. टॅली प्राइममध्ये एफ6 वर 64,800 ची रिसीट, मग एफ7 वर 6,000 चं जर्नल: टीडीएस रिसीव्हेबल (येणं असलेला टीडीएस) डेबिट, पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक) क्रेडिट. दोन्ही नोंदींत ‘अगेन्स्ट रेफरन्स’ला (कुठल्या बिलापोटी) तोच बिल नंबर निवडायचा. ‘ऑन अकाउंट’ (बिल न जोडता नुसतं खात्यावर) ठेवलं तर पार्टीची बाकी बरोबर दिसते, पण बिलवार यादीत जुनं बिल लोंबकळत राहतं. व्यापार ॲपचा जीव काउंटरवर, म्हणजे स्टॉक, बारकोड आणि थर्मल प्रिंटमध्ये. दुकानाला उत्तम, सल्लागाराला त्यातलं निम्मं बिनकामाचं.

दुसरी नोंद परराज्यातल्या पार्टीची. उदगीरहून बिदर किंवा देगलूरहून निजामाबाद काय लांब आहे? पार्टीचा राज्य कोड 29 (कर्नाटक) किंवा 36 (तेलंगणा) आला की केंद्र आणि राज्याचा 9-9 टक्के जीएसटी जाऊन 18 टक्के आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) आपोआप लागला पाहिजे. इमारत-जमिनीशी जोडलेल्या कामात मात्र जागा कुठल्या राज्यात आहे ते बघतात, म्हणून ‘प्लेस ऑफ सप्लाय’ (सेवा कुठल्या राज्यात दिली ते) हाताने बदलता यायला हवं.

सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेली नसेल, तर बिलावर जीएसटी लावायचाच नाही. मग झोहोचंच नुसती बिलं बनवायचं झोहो इनव्हॉइस फुकट आहे, तेवढं पुरे.

बिल नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असावा, 1 एप्रिलपासून नवी मालिका. 26-27/001 असं साधं ठेवा. टॅलीत नंबरिंगला ‘रिटेन ओरिजिनल व्हाउचर नंबर’ निवडा, नाहीतर मधलं बिल डिलीट केल्यावर पुढचे नंबर सरकतात आणि गिऱ्हाइकाकडच्या कागदाशी जुळत नाहीत.

टॅलीचा लायसन्सशिवाय चालणारा एज्युकेशनल मोड शिकायला ठीक, पण त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखांना नोंद होते. कुणी ‘फुकट टॅली’ बसवून दिली तर आधी 15 तारखेची नोंद टाकून बघा. टॅली आणि व्यापार नेट नसतानाही चालतात. झोहो बुक्सला नेट लागतं, पण डेटा त्यांच्या सर्व्हरवर असल्याने तुमची डिस्क गेली तरी हिशोब शाबूत राहतो. टॅलीवाल्यांनी ऑल्ट+वाय दाबून बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यावा, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर नव्हे.

आणि तुमचे सीए टॅलीवरच काम करत असतील, तर दुसरं काही घेण्याआधी त्यांना कुठल्या फाइलमध्ये डेटा चालेल ते विचारा. त्यांच्याकडे सगळं पुन्हा टाइप होणार असेल तर त्याची फी तुमच्याच माथी.