जुनं घर की बांधकाम चालू असलेलं? तुमचा पैसा कुठे अडकू शकतो ते आधी पाहा

घर घ्यायचं ठरलं की थोड्याच दिवसांत प्रश्न दोन पर्यायांवर येऊन ठेपतो: कुणीतरी राहत असलेलं जुनं घर, किंवा बांधकाम चालू असलेलं आणि ताबा दोन-तीन वर्षांनी मिळणारं नवं. मग दोन्हींचे भाव शेजारी शेजारी मांडले जातात आणि स्वस्त दिसेल तिकडे मन झुकतं. मला ही पद्धत धोक्याची वाटते. घरखरेदीत बुडणारा पैसा भावात क्वचितच दिसतो. जुन्या घरात तो भिंतीत, पाइपात आणि छतात लपलेला असतो, नव्या घरात करारनाम्यात आणि बिल्डरच्या आर्थिक स्थितीत. म्हणून जुन्यासाठी आधी इंजिनिअर गाठावा, नव्यासाठी आधी वकील.

जुन्या घराची मोठी जमेची बाजू म्हणजे ते समोर उभं आहे. दोष आहेत, पण ते बघता येतात. फक्त बघायची वेळ आणि पद्धत चुकायला नको. कोरड्या दिवसात, भर दुपारी सगळीच घरं छान दिसतात. जमलं तर पाऊस पडत असताना जा, नाहीतर पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. अख्खं घर जुन्या रंगात आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर तिथे का, हे विचारा. बाथरूमच्या मागच्या बाजूची भिंत हाताने चाचपून पाहा. जमिनीलगत पांढरी भुकटी दिसली तर ते क्षार आहेत: भिंतीतून पाणी बाहेर येतं, वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. वरून कितीही रंग मारला तरी पाण्याची वाट बंद होईपर्यंत पोपडे येतच राहणार.

भेगा सगळ्या सारख्या नसतात. प्लास्टर वाळताना पडलेल्या केसासारख्या बारीक रेषांची फार चिंता करू नये. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र वेगळी गोष्ट सांगते. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखी चढत गेलेली भेगही तशीच. अशा ठिकाणी पाया खचत असण्याची शक्यता असते आणि ती दुरुस्ती गिलाव्याच्या खर्चात होत नाही. छताचं प्लास्टर सुटून आतली गंजलेली सळई दिसत असेल तर आणखी सावध व्हा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आतून काँक्रीट फोडत जातो, आणि जे दिसतं त्याहून बरंच आत घडलेलं असतं.

दोन नळ एकदम सोडा आणि फ्लश ओढा. धार एकदम बारीक झाली तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असू शकतात. मग सगळी पाइपलाइन बदलायची म्हणजे टाइल्सही फोडायच्या, हा खर्च मालक सांगत असलेल्या भावात धरलेला नसतो.

आणि इमारत सामायिक असेल तर तुमच्या चार भिंती तपासून भागत नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथला चॅम्पलेन टॉवर्स साउथ 24 जून 2021 रोजी कोसळला आणि 98 माणसं गेली. इमारत 1981 सालची. पोहण्याच्या तलावाजवळच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्यामुळे खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झाल्याचं इंजिनिअरने 2018 मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीसाठी रहिवाशांकडून सुमारे दीड कोटी डॉलर गोळा करायचं ठरलं, पण काम पुरं व्हायच्या आधीच इमारत पडली. मला यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी वाटते. जुन्या इमारतीत घर घेण्यापूर्वी गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि दुरुस्ती निधीचा हिशेब मागा. कुठला अहवाल आलाय, कुठली वर्गणी लागू होणार आहे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. द्यायला टाळाटाळ झाली तर ते घर सोडून द्यावं, असंच मी सांगेन.

आता नव्या घराकडे. इथे तपासायला भिंतच नाही, म्हणून कागद तपासायचा. सॅम्पल फ्लॅट पाहून भारावून जाऊ नका. त्यातले दिवे, फरशी, कपाटं करारात लिहिलेली नसतील तर ती तुमची नाहीत. करारात चार जागी बोट ठेवून वाचा. ताब्याची तारीख ठाम आहे की 'अंदाजे'? उशीर झाला तर बिल्डर किती भरपाई देणार, आणि तुमचा हप्ता चुकला तर तुम्ही किती देणार? बऱ्याचदा हे दोन आकडे बरोबरीचे नसतात. क्षेत्रफळ भिंतींच्या आतलं मोजलंय की जिना-गॅलरी धरून? आणि नकाशात बदल करायचा हक्क बिल्डरने स्वतःकडे किती राखून ठेवलाय?

पैसे कधी द्यायचे, हा यातला सर्वात महागात पडणारा मुद्दा. बांधकामाच्या टप्प्यानुसार पैसे देण्यात थोडं तरी संरक्षण आहे, कारण मजला चढला तरच हप्ता जातो. तारखेनुसार किंवा जवळपास सगळे आधीच देण्यात ते नाही. चीनमध्ये घरं बांधण्याआधीच विकायची पद्धत फार पसरली होती. एव्हरग्रांदे ही बलाढ्य कंपनी 2021 मध्ये कर्ज फेडू शकली नाही, इतर कंपन्याही अडचणीत आल्या, कामं थांबली, आणि 2022 मध्ये अनेक शहरांतल्या खरेदीदारांनी अर्धवट घरांच्या कर्जाचे हप्ते भरायचं जाहीरपणे नाकारलं. घर मिळालं नव्हतं, कर्ज मात्र त्यांच्याच नावावर होतं. म्हणून जमीन कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, आणि याच बिल्डरच्या आधीच्या इमारतींत लोक खरोखर राहायला गेलेत का, हे वकिलाकडून आणि स्वतः जाऊनही पाहा.

नवं म्हणजे निर्दोष, असंही समजू नका. सिडनीतला ओपल टॉवर 36 मजल्यांचा, 2018 मध्ये पूर्ण झालेला. त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्यात भेगा दिसल्या आणि रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. ताबा घेताना बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातंय की कोपऱ्यात साचतंय ते बघा. दोष दुरुस्त करून द्यायची मुदत किती, हे करारात लिहून घ्या, आणि दिसलेला प्रत्येक दोष फोटोसकट लेखी कळवा.

कर्जाचा हिशेब दोन्हींत सारखा वाटतो, पण तसा नाही. कर्ज 100 धरलं आणि व्याज 8 टक्के, तर 20 वर्षांत सुमारे 201 परत जातात, 30 वर्षांत सुमारे 264. मुदत दहा वर्षांनी वाढवून हप्ता मात्र जेमतेम 12 टक्क्यांनी कमी होतो. वीस वर्षांच्या कर्जातही पहिल्या वर्षी भरलेल्या 10 पैकी मुद्दलात सुमारे 2 जातात. बांधकाम चालू असलेल्या घरात भर पडते ती उशिराची. बँकेने सगळी रक्कम बिल्डरला दिली असेल, तर ताबा वर्षभर लांबला की शंभरामागे 8 नुसतं व्याज, शिवाय राहत्या जागेचं भाडं. हा आकडा नव्या घराच्या भावात मिळवा आणि मग जुन्याशी तुलना करा. तसंच इंजिनिअरने सांगितलेली दुरुस्ती जुन्याच्या भावात मिळवा. कित्येकदा स्वस्त-महाग उलटं होतं.

दरवर्षीचा खर्चही विचारा. इंग्लंडमध्ये काही भाडेपट्ट्याच्या घरांत, म्हणजे घर विकत घेतलं तरी जमीन मूळ मालकाचीच राहते अशा घरांत, जमिनीचं भाडं दर 10 वर्षांनी दुप्पट होईल असं कलम होतं; म्हणजे पन्नासाव्या वर्षी 32 पट. अशी घरं पुढे विकणंही कठीण झालं. 2022 च्या कायद्याने नव्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांत ही वसुली थांबवली, आधीच्या करारांना तो लागू नव्हता.

मग कुणी काय घ्यावं? भाडं आणि हप्ता एकाच वेळी झेपत नसेल, मुलांची शाळा ठरलेली असेल, किंवा खरेदीनंतर हातात फार काही उरणार नसेल, तर मी जुनंच सुचवेन, पण मजबूत सांगाडा असलेलं. रंग, फरशी, स्वयंपाकघर हळूहळू बदलता येतं. पाया बदलता येत नाही. ज्यांना थांबणं परवडतं, हाताशी वर्षभराची गंगाजळी आहे आणि वस्ती बदलायची घाई नाही, त्यांनी नव्याचा विचार जरूर करावा. त्यातही निम्म्याहून जास्त काम झालेल्या इमारतीचा आधी. भाव थोडा वाढलेला असतो, पण तो फरक देण्यासारखा आहे.

इंजिनिअर आणि वकील स्वतः शोधा, एजंटाने सुचवलेले नकोत. एजंटाला त्याचे पैसे व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळतात. आणि इसार देण्याआधी पावतीवर दोन अटी लिहून घ्या: तपासणीत मोठा दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही, तर पूर्ण रक्कम ठरलेल्या दिवसांत परत. समोरचा यावर सही करायला तयार नसेल, तर त्या दिवशी चेक देऊ नका.