कामिनोची फ्रेंच वाट : एका ख्रिस्ती यात्रेकरूचे परीक्षण

फ्रान्समधील सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत जाणारी सुमारे 780 किलोमीटरची वाट 'कामिनो' या तीर्थमार्गाची 'फ्रेंच वाट' म्हणून ओळखली जाते. साहसी पदभ्रमण म्हणून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु येशूचा शिष्य प्रेषित याकोब याच्या सान्तियागोतील कबरीकडे जाणारी तीर्थयात्रा म्हणून ती चालू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तिथली व्यवस्था काय देते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत आधीच नोंदवतो : ही वाट पायांची ताकद तर पाहतेच, पण दुसऱ्याच्या हातून मदत स्वीकारायला शिकवते, आणि धडधाकट माणसाला तेच अधिक जड जाते.

पहिल्याच टप्प्यात पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. सुमारे 170 मीटर उंचीवरून निघून 1,400 मीटरहून उंच खिंड चढायची आणि रानातून रोन्सेसव्हालेसला उतरायचे, असा हा 25 किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात तो बंद असतो आणि यात्रेकरूंना दरीतल्या वाटेने जावे लागते. पाठीवरचे सामान स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, हा चालणाऱ्यांचा नियम या चढावर नीट पटतो. प्रभू येशूने शिष्यांना पिशवी-झोळी न घेता पाठवले, हे लूककृत शुभवर्तमानात (10:4) मी अनेकदा ऐकले होते. आपल्या पिशवीतल्या कितीतरी वस्तू गरजेपोटी घेतलेल्या नसून उद्याच्या भीतीपोटी घेतलेल्या आहेत, हे मात्र खांदे भरून आल्यावरच ध्यानात आले. संध्याकाळी रोन्सेसव्हालेसच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते आणि यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. ती कोणीही चुकवू नये.

मुक्कामाची सोय 'आल्बेर्गे' नावाच्या यात्रीनिवासांत होते. 'क्रेदेन्सियाल' हे शिक्के घेण्याचे यात्रापत्र दाखवले की बहुधा एका रात्रीपुरती जागा मिळते. एकावर एक पलंग, रात्री साधारण 10 वाजता दिवे बंद आणि सकाळी लवकर बाहेर, अशी शिस्त असते. झोप हलकी असणाऱ्यांना त्रास होईल. यांतील धर्मग्रामांनी, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळींनी, चालवलेली निवासस्थाने मला सर्वांत मोलाची वाटली. स्पेनच्या ला रियोहा प्रांतातील ग्रान्योन येथे चर्चलाच लागून असलेल्या निवासात जमिनीवर गाद्या असतात, दर ठरलेला नसतो, आणि दानपेटी उघडी ठेवून तिच्यावर लिहिलेले असते की जमेल तेवढे ठेवा व लागेल तेवढे घ्या. जेवण सर्वांनी मिळून करायचे, त्यानंतर चर्चमध्ये एकत्र प्रार्थना.

पेटीत पैसे ठेवणे मला सोपे गेले. पुढे एका गावी निवासाची देखभाल करणाऱ्या वयस्कर स्वयंसेविकेने माझ्या टाचेचा फोड पाहिला, खाली बसून तो स्वच्छ केला आणि पट्टी बांधली. तेव्हा मात्र पाय मागे ओढून घ्यावा असे तीव्रतेने वाटले. पेत्राने प्रभूला आपले पाय धुऊ देण्यास नकार दिला (योहान 13:8), तो मी आजवर नम्रतेचा प्रकार समजत होतो. त्यात अभिमानही असू शकतो, ही शंका मला त्या बाकावर बसून आली आणि तिच्यासाठी मी त्या बाईंचा ऋणी आहे.

बुर्गोस ते लेओन या शहरांमधले पठार सपाट, उघडे आणि कंटाळवाणे आहे. कार्रिओन दे लोस कोन्देसनंतर सुमारे 17 किलोमीटर एकही गाव लागत नाही. पाणी भरून घ्यावे आणि प्रार्थना कोरडी झाली तरी ती सोडू नये, एवढेच सांगतो.

या व्यवस्थेतील उणीव शेवटच्या भागात दिसते. 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी पायी किमान 100 किंवा सायकलने 200 किलोमीटर अंतराची अट आहे, त्यामुळे सान्तियागोपासून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर असलेल्या सारिया गावापासून गर्दी एकदम वाढते. लांबून आलेल्यांच्या बोलण्यात नव्या यात्रेकरूंविषयी नाराजी डोकावते, कोणी पिशवी गाडीने पुढे पाठवली याचीही चर्चा होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) दिवसभर राबलेले कामकरी शेवटच्या तासाला आलेल्यांना तेवढीच मजुरी मिळाल्यावर कुरकुरतात. थकलेल्या शरीराला ती कुरकुर किती स्वाभाविक वाटते, हे इथे अनुभवास येते. मोजलेल्या अंतराचे प्रमाणपत्र त्या कुरकुरीला खतपाणी घालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याआधीच्या व्हियाफ्रांका देल बिएर्सो येथे थांबायला म्हणूनच मी आग्रहाने सांगेन. मोलिनासेकाच्या उतारावर गुडघे दुखावून अनेक जण इथवर लंगडत येतात, आणि पुढे ओ सेब्रेइरोचा चढ उभा असतो. इथल्या संत याकोबाच्या चर्चला 'क्षमेचे दार' आहे. आजारी वा जायबंदी होऊन पुढे जाऊ न शकणाऱ्या यात्रेकरूला या दाराशी सान्तियागोला पोहोचल्याइतकीच दंडमाफी, म्हणजे पापांबद्दलच्या शिक्षेतून सूट, मिळे, अशी मध्ययुगापासूनची परंपरा आहे. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांस पत्रातील वचन (2:8-9) मला संपूर्ण वाटेवर याहून स्पष्ट कुठे दिसले नाही. हे दार पवित्र वर्षातच, म्हणजे 25 जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी येतो त्या वर्षी उघडतात. असे पुढचे पवित्र वर्ष 2027 हे आहे. त्या वर्षी जाणाऱ्यांनी गर्दी गृहीत धरावी आणि व्हियाफ्रांकासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.